सहावीनंतरचा वर्ग : अफगाण मुलींची शिकवणी महाराष्ट्रातून कशी चालवावी

अफगाणिस्तानात आज मुलगी सहावी उत्तीर्ण झाली की तिची शाळा संपते. १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल तालिबानच्या ताब्यात गेले आणि पुढच्याच महिन्यात माध्यमिक शाळा सुरू करण्याचा जो आदेश निघाला, त्यात फक्त मुलगे आणि पुरुष शिक्षक यांचा उल्लेख होता. २३ मार्च २०२२ रोजी मुलींच्याही शाळा उघडणार असे जाहीर झाले होते. त्या सकाळी मुली दप्तरे घेऊन वर्गात जाऊन बसल्या आणि काही तासांतच त्यांना घरी पाठवण्यात आले. त्याच वर्षीच्या २० डिसेंबरला विद्यापीठांचे दरवाजे बंद झाले आणि डिसेंबर २०२४ मध्ये सुईणी व परिचारिका घडवणाऱ्या वैद्यकीय संस्थांतूनही मुलींना बाहेर काढले गेले. युनिसेफने मार्च २०२५ मध्ये दिलेल्या आकड्यानुसार माध्यमिक शिक्षणापासून वंचित असलेल्या मुलींची संख्या २२ लाखांवर गेली आहे.

ही बंदी उठवणे पुण्यातल्या किंवा नाशिकातल्या कोणा शिक्षकाच्या हातात नाही. मात्र सातवीत अडकलेली मुलगी शाळा उघडेल त्या दिवशी सातवीतच असावी की दहावीच्या गणितापर्यंत पोहोचलेली असावी, यात बाहेरचा माणूस नक्की फरक करू शकतो. त्यासाठी मोठी संस्था लागत नाही; शिकवण्याचा अनुभव असलेली दोन-तीन माणसे, एक विश्वासू दुभाषी आणि किमान एक वर्षाची चिकाटी एवढे पुरते. हे काम कसे उभे करावे, याविषयी पुढे लिहिले आहे.

विद्यार्थिनी कशा शोधाव्यात

समाजमाध्यमांवर आवाहन करून विद्यार्थिनी गोळा करू नयेत, हा पहिला नियम. अशा आवाहनाला उत्तर देणारी व्यक्ती कोण आहे हे आपल्याला कळत नाही आणि आपण कोण आहोत हे तिला कळत नाही. धोका मात्र तिचा एकटीचा असतो. पुण्यात गेली अनेक वर्षे मोठ्या संख्येने अफगाण विद्यार्थी शिकत आले आहेत. त्यांच्या बहिणी, चुलतबहिणी, शेजारच्या मुली घरी बसलेल्या आहेत. ओळखीतून ओळख अशा मार्गाने पाच ते आठ मुलींचा एक गट सहज तयार होतो, आणि त्याहून मोठा गट सुरुवातीला घेऊच नये. गट शक्यतो एका इयत्तेचा आणि एका भाषेचा असावा. काबूल, हेरात, बामियान या भागांत दारी म्हणजे अफगाण फारसी चालते, तर कंदाहार, हेलमंद, नंगरहार या भागांत पश्तो. दोन्ही भाषांच्या मुली एकत्र घेतल्या तर अर्धा वेळ भाषांतरातच जातो.

दुभाषी म्हणून इथे शिकणारी अफगाण विद्यार्थिनी मिळाली तर उत्तम. पाकिस्तानात निर्वासित म्हणून राहून आलेल्या कुटुंबांतल्या मुलींना उर्दू येते, आणि हिंदी चित्रपट व गाणी तिथे वर्षानुवर्षे लोकप्रिय असल्यामुळे इतर अनेकींच्या कानावरही हिंदी पडलेली असते. त्यामुळे साधे, सावकाश हिंदी बोलणाऱ्या मराठी शिक्षिकेला पहिल्या महिन्यानंतर दुभाष्याची गरज कमी भासू लागते. मात्र पारिभाषिक संज्ञा मुलीच्या भाषेतच द्याव्यात, कारण उद्या तिला परीक्षा द्यायची वेळ आली तर ती त्याच भाषेतली असेल.

शिकवणारी शक्यतो स्त्री असावी. पुरुष शिक्षकांच्या हेतूविषयी शंका आहे म्हणून नव्हे, तर फोन बहुधा घरातल्या सगळ्यांचा मिळून एकच असतो आणि त्यावरून येणारा परका पुरुषी आवाज एखाद्या काकाला किंवा शेजाऱ्याला खटकला तर शिकवणीच बंद पडते. घरातली एक मोठी व्यक्ती, आई, वडील किंवा मोठा भाऊ, या वर्गाविषयी जाणून असलीच पाहिजे. घरच्यांच्या नकळत कोणत्याही मुलीला शिकवू नये. वडील विरोधात असतील असे गृहीत धरण्याचेही कारण नाही. मुलीच्या शिक्षणासाठी धोका पत्करणारे बाप तिथे कमी नाहीत.

गुप्तता म्हणजे नेमके काय करायचे

सप्टेंबर २०२२ मध्ये पक्तिया प्रांतात, मुख्यतः गर्देझ शहरात, मुलींच्या काही माध्यमिक शाळा स्थानिक वडीलधाऱ्यांच्या आणि मुख्याध्यापकांच्या पुढाकाराने उघडल्या. काबूलची परवानगी नव्हती, पण कोणी अडवलेही नाही. मग बातमी देशभर पसरली, आणि काही दिवसांतच त्या शाळांना टाळे लागले. या प्रसंगातून धडा घ्यायचा तर तो असा की अशा राजवटीत स्थानिक अधिकारी पुष्कळदा काणाडोळा करतात, पण त्यांना काणाडोळा करता येईल एवढी शांतता त्यांच्याभोवती असावी लागते. वर्गाचे छायाचित्र टाकून मित्रमंडळींकडून कौतुक मिळवण्याची हौस ज्यांना आवरत नाही, त्यांनी या कामात पडू नये. उघडपणे काम करणाऱ्यांना काय सोसावे लागते तेही दिसलेले आहे : गावोगाव फिरती ग्रंथालये नेणारे आणि मुलींच्या शाळांसाठी जाहीरपणे बोलणारे पेन पाथ संस्थेचे मतीउल्लाह वेसा यांना मार्च २०२३ मध्ये काबूलमध्ये अटक झाली आणि ते सुमारे सात महिने तुरुंगात होते.

व्यवहारात काळजी घ्यायची ती अशी. वर्ग फक्त आवाजावर चालवावा, कॅमेरा शिक्षिकेचाही बंद ठेवावा. मुलींनी वर्गापुरते टोपणनाव घ्यावे आणि आपल्या वहीतही तेच लिहावे. गावाचे, गल्लीचे, वडिलांच्या व्यवसायाचे नाव विचारूच नये. ध्वनिमुद्रण करू नये. संदेश ठरावीक काळाने आपोआप नाहीसे होतील अशी सोय सिग्नल आणि व्हॉट्सॲप या दोन्हींत आहे, ती पहिल्या दिवशीच सुरू करावी, कारण नाक्यांवर फोन तपासले जातात. गटाच्या नावात शाळा, वर्ग, मुली यांपैकी एकही शब्द नको. गृहपाठाचे छायाचित्र मागवताना फक्त वहीचे पान दिसावे, मागची भिंत किंवा खिडकी नको. आणि ते छायाचित्र म्हणूनच पाठवायला सांगावे, दस्तऐवज म्हणून नव्हे, कारण दस्तऐवज म्हणून पाठवलेल्या फाइलमध्ये ते कुठे काढले याची नोंद तशीच राहू शकते.

मुलींचे संरक्षण आपल्या बाजूनेही करावे लागते. प्रत्येक तासाला दोन प्रौढ व्यक्ती हजर असाव्यात, शिक्षिकेने कोणत्याही मुलीशी एकटीने खासगी संभाषण सुरू करू नये, आणि नवी शिक्षिका घेताना तिची पूर्ण चौकशी करावी. आपल्याकडच्या एखाद्या बालवाडीत जेवढी दक्षता घेतली जाते, तिच्याहून कमी दक्षता इथे चालणार नाही.

वेळापत्रक, वीज आणि इंटरनेट

अफगाणिस्तानचे घड्याळ आपल्यापेक्षा एक तास मागे असते, त्यामुळे आपल्याकडचे सकाळचे दहा म्हणजे तिथले नऊ. सुट्टी शुक्रवारची असते. सकाळी घरातले पुरुष बाहेर गेल्यावर फोन मोकळा मिळतो की संध्याकाळी भाऊ परत आल्यावर, हे प्रत्येक घरी विचारून मगच वेळ ठरवावी. रमझानमध्ये तास लहान करावेत. थंडीच्या दिवसांत वीज तासन्‌तास जाते, कारण देशाला लागणाऱ्या विजेचा मोठा भाग उझबेकिस्तान, ताजिकिस्तान, तुर्कमेनिस्तान आणि इराण येथून विकत येतो आणि हिवाळ्यात मागणी वाढली की पुरवठा अपुरा पडतो.

म्हणून थेट तासावर संपूर्ण भिस्त ठेवू नये. आठवड्यातून दोन थेट तास आणि उरलेले दिवस ध्वनिसंदेशांवर, ही रचना सर्वांत टिकाऊ ठरते. एक ध्वनिसंदेश दोन-तीन मिनिटांचा असावा. तो कमी डेटात उतरतो, मुलगी तो हवा तेव्हा आणि हवा तितक्या वेळा ऐकू शकते, आणि आईही ऐकू शकते. सोबत एका पानाची कृष्णधवल टिपण-पत्रिका पाठवावी.

२९ सप्टेंबर २०२५ रोजी तालिबानने देशभरातले इंटरनेट सुमारे ४८ तास बंद पाडले. त्याआधी काही प्रांतांत ‘अनैतिकता रोखण्यासाठी’ म्हणून फायबर जोडण्या तोडल्या होत्याच. तेव्हा पुढच्या सहा आठवड्यांचा अभ्यास मुलीकडे आधीच पोहोचलेला असणे ही सोय म्हणून नव्हे, तर गरज म्हणून पाहावी. कोलिब्रीसारखी मुक्त प्रणाली एकदा उतरवून घेतली की पाठ इंटरनेटशिवाय पाहता येतात. दराख्त-ए-दानिश या मुक्त ग्रंथालयात दारी आणि पश्तोतले शैक्षणिक साहित्य मोफत मिळते. पॅरिसहून चालणारी बेगम टीव्ही ही वाहिनी २०२४ पासून उपग्रहावरून माध्यमिक इयत्तांचे पाठ दाखवते. ज्या घरात डिश आहे, तिथे इंटरनेट गेले तरी तो मार्ग उघडा राहतो. आपण शून्यातून सारे तयार करत बसण्यापेक्षा ही साधने मुलींपर्यंत पोहोचवावीत आणि आपला वेळ शंका सोडवण्यासाठी व वह्या तपासण्यासाठी राखावा. ध्वनिचित्रफिती पाहून कोणी शिकत नाही असे नाही, पण चुकलेले उदाहरण कोणी तरी लाल शाईने दाखवावे लागते.

काय शिकवावे, आणि फक्त आवाजावर कसे

बहुतेक मुली इंग्रजी मागतात, आणि ते स्वाभाविक आहे, कारण परदेशी शिष्यवृत्तीचा रस्ता इंग्रजीतून जातो. तरीही माझे मत असे की पहिली जागा गणिताला द्यावी. इंग्रजी दोन वर्षे उशिरा शिकता येते. बीजगणिताची सातवी-आठवीतली बैठक सुटली तर पुढचे विज्ञान, संगणक, वैद्यक सगळेच हातचे जाते. थेट तास आणि ध्वनिसंदेश मिळून गणिताचे तीन, विज्ञानाचे दोन, इंग्रजीचे दोन पाठ असे आठवड्याचे प्रमाण धरावे. पाठ्यपुस्तके २०२१ पूर्वीच्या अफगाण अभ्यासक्रमाचीच वापरावीत, ती पीडीएफ स्वरूपात मिळतात. आपली बालभारती कितीही आवडती असली तरी ती तिथे नेऊ नये.

आवाजावर गणित शिकवण्याची अडचण कुठे येते ते एका उदाहरणाने सांगतो. शिक्षिका म्हणते, ‘दोन क्ष अधिक तीन बरोबर चौदा.’ एक मुलगी लिहिते २क्ष + ३ = १४ आणि तिचे उत्तर येते साडेपाच. दुसरी लिहिते २(क्ष + ३) = १४ आणि तिचे उत्तर येते चार. दोघींची आकडेमोड बरोबर आहे. वाचन संदिग्ध होते. म्हणून ‘कंस सुरू’ आणि ‘कंस संपला’ हे शब्द प्रत्येक वेळी उच्चारायचे, ‘बरोबर’च्या आधी क्षणभर थांबायचे, आणि मुलीने समीकरण वहीत उतरवल्यावर तिच्याकडून ते परत वाचून घ्यायचे. दारीत किंवा पश्तोत कंसाला काय म्हणतात ते दुभाष्याकडून पाठ करून घ्यावे. भूमिती आवाजावर शिकवायचीच असेल तर कागदाच्या घड्यांपासून सुरुवात करावी. चौरस कागदाला कर्णावर घडी घालायला सांगितले की ४५ अंशांचा कोन प्रत्येकीच्या हातात असतो, आणि कोणाचेही चित्र पाठवावे लागत नाही.

विज्ञानासाठी स्वयंपाकघर ही प्रयोगशाळा धरावी, पण ती त्यांच्या स्वयंपाकघरासारखी असावी. वसंतात अफगाण घरांत बायका गहू मोड आणून वाढवतात, ते अंकुर वाटून रात्रभर ढवळत शिजवतात आणि त्यातून समनक नावाचा गोड पदार्थ तयार होतो. त्यात साखर घालत नाहीत. मग गोडी कुठून आली? मोड येताना दाण्यात तयार होणारी विकरे (एन्झाइम) पिष्टाचे शर्करेत रूपांतर करतात, हे उत्तर मुलींना स्वतःकडून काढू द्यावे : पहिल्या दिवशी कोरडा दाणा चावून चव लिहायची, मोड आलेला दाणा चावून पुन्हा लिहायची, आणि मुळे, अंकुर रोज मोजपट्टीने मोजून तक्ता करायचा. बीजांकुरण, विकरे, मापन आणि आलेख एवढे चार पाठ मूठभर गव्हात होतात. शिवाय मुलगी गहू भिजवताना दिसली तर कोणाला काही वावगे वाटत नाही.

घरकामाच्या आडून शिकण्याला त्या देशात परंपरा आहे. १९९६ ते २००१ या पहिल्या तालिबानी राजवटीत हेरातमध्ये शिवणवर्गाच्या नावाखाली स्त्रिया साहित्याचा अभ्यास करत असत, आणि सकिना याकूबी यांच्या संस्थेने घराघरांतून चालणाऱ्या ८० शाळांना आधार दिला होता. घराजवळच्या छोट्या वर्गाचे बळ पुढे मोजूनही पाहिले गेले. वायव्य अफगाणिस्तानातल्या ३१ गावांत केलेल्या अभ्यासात, गावातच वर्ग उघडल्यावर मुलांची पटनोंदणी ४२ टक्केबिंदूंनी वाढली आणि मुलगे व मुली यांच्यातली २१ टक्केबिंदूंची दरी नाहीशी झाली. त्यामुळे एकाच गल्लीतल्या दोन-तीन मुली आपल्या गटात असतील आणि त्यांना एका घरात जमणे सुरक्षित असेल, तर त्यांतल्या मोठीला पाठ आधी शिकवून तिच्याकडून धाकट्यांना शिकवून घ्यावे. जमावे की नाही हे मात्र त्यांच्या घरच्यांनी ठरवावे. इथून आग्रह करू नये.

प्रमाणपत्राचा प्रश्न

हा सर्वांत अवघड भाग आहे आणि त्याविषयी मुलींना पहिल्याच आठवड्यात खरे सांगावे : आपल्या शिकवणीच्या प्रमाणपत्राला कोणतेही मंडळ मान्यता देणार नाही. तरीही नोंद ठेवावीच. प्रत्येक मुलीची, टोपणनावाने, इयत्तावार नोंद असावी, तीत पूर्ण झालेले धडे, चाचण्यांच्या तारखा, गुण आणि तपासलेल्या उत्तरपत्रिकांची छायाचित्रे असावीत. टोपणनाव आणि खरे नाव यांची यादी वेगळी, कागदावर, भारतात एकाच व्यक्तीकडे ठेवावी. पुढे कोणी प्रवेश-परीक्षा घेऊन इयत्ता ठरवायला तयार झाले, तर हीच नोंद कामाला येते.

ज्यांची बारावी २०२१ पूर्वी किंवा त्या सुमारास झाली आहे, त्यांचा मार्ग वेगळा आहे. युनिव्हर्सिटी ऑफ द पीपलसारखी ऑनलाइन विद्यापीठे अफगाण स्त्रियांना शिष्यवृत्तीवर घेतात. भारताच्या आयसीसीआरनेही (भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद) अफगाण विद्यार्थ्यांना ऑनलाइन पदवीसाठी शिष्यवृत्त्या दिल्या आहेत. त्यांच्या जाहिरातीवर लक्ष ठेवून अर्ज भरायला मदत करणे हे शिकवण्याइतकेच मोलाचे काम आहे. घरबसल्या देता येणारी ड्युओलिंगोची इंग्रजी परीक्षा अनेक विद्यापीठांना चालते, पण तिला कॅमेरा असलेला संगणक, अखंड इंटरनेट आणि ओळखपत्र लागते, म्हणून तिची तयारी महिनाभर आधी सुरू करावी. मुलीचा तझकिरा म्हणजे ओळखपत्र, पारपत्र असल्यास ते, आणि जुन्या गुणपत्रिका यांच्या प्रती सुरक्षित ठेवायला सांगाव्यात. नोव्हेंबर २०२४ मध्ये तालिबानने मुंबईच्या अफगाण वाणिज्य दूतावासावर आपला माणूस नेमला आहे. कागद साक्षांकनासाठी तिथे नेण्याची वेळ आली तर आधी कुटुंबाला विचारावे.

शिष्यवृत्ती मिळाली म्हणजे मुलगी देशाबाहेर पडू शकेल असे धरू नये. मेहरम म्हणजे जवळचा पुरुष नातेवाईक सोबत असल्याशिवाय स्त्रियांना दूरच्या प्रवासाला मनाई आहे, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये दुबईला शिष्यवृत्तीवर निघालेल्या मुलींना काबूल विमानतळावरच अडवले गेले. भारतानेही ऑगस्ट २०२१ मध्ये अफगाण नागरिकांचे आधीचे व्हिसा रद्द केले होते आणि त्यात इथल्या विद्यापीठांत नाव असलेले कितीतरी विद्यार्थी तिकडेच अडकून पडले. हे आपल्या सरकारला विचारण्यासारखे आहे, आणि आपल्या खासदाराला पत्र लिहायला कोणाचीही परवानगी लागत नाही.

पैसा आणि दबाव

मुलीच्या घरी थेट पैसे पाठवू नयेत. हवाल्याचा मार्ग भारतात बेकायदा आहे, आणि परदेशातून नियमित पैसे येऊ लागले की शेजाऱ्यांच्या नजरा त्या घराकडे वळतात. डेटाचा किंवा जुन्या टॅब्लेटचा खर्च द्यायचाच असेल, तर तो तिथे पूर्वीपासून काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेमार्फत द्यावा.

दबावाविषयी थोडक्यात. ऑक्टोबर २०२५ मध्ये तालिबानचे परराष्ट्रमंत्री अमीर खान मुत्ताकी दिल्लीत आले आणि उत्तर प्रदेशातल्या देवबंदच्या इस्लामी विद्यापीठालाही गेले. त्यांच्या पहिल्या पत्रकार परिषदेत स्त्री पत्रकारांना प्रवेश नव्हता. टीका झाल्यावर दुसऱ्या परिषदेत त्यांना बोलावले गेले आणि प्रश्न विचारता आले. म्हणजे दबावाचा परिणाम अगदीच होत नाही असे नाही. धर्माच्या बाजूने बोलणाऱ्यांचा शब्द तिथे अधिक ऐकला जातो : कैरोच्या अल-अझहर या इस्लामी विद्यापीठाचे प्रमुख इमाम अहमद अल-तय्यब यांनी विद्यापीठबंदी शरियतच्या विरोधात असल्याचे डिसेंबर २०२२ मध्येच म्हटले होते. आपल्याकडच्या ज्या उलेमांचा देवबंदशी संबंध आहे, त्यांनी हा विषय काढावा असे त्यांना ओळखीच्या माणसाने आदराने सुचवणे, हे एखाद्या चौकातल्या निदर्शनापेक्षा अधिक उपयोगी पडेल, असे मला वाटते.

मुलगी अचानक येईनाशी झाली तर

असे होणारच. लग्न ठरलेले असेल, कुटुंब इराणला निघाले असेल, फोन विकला असेल, किंवा कोणी चौकशी केली असेल. वारंवार संदेश पाठवू नयेत, गटात तिच्याविषयी विचारू नये, आणि इतर मुलींनाही तसे करू देऊ नये. दोन आठवडे थांबून, आधी ठरवून ठेवलेल्या नातेवाइकामार्फत एकदाच निरोप द्यावा. तिच्या नावाचा अभ्यास दर आठवड्याला बाजूला काढून ठेवावा, म्हणजे ती चार महिन्यांनी परत आली तर कुठून सुरुवात करायची हे शोधत बसावे लागत नाही. शिक्षिकेलाच थांबावे लागणार असेल, तर किमान एक महिना आधी तिने मुलींना ते सांगावे, नव्या शिक्षिकेला सोबत घेऊन चार तास घ्यावेत, आणि इयत्तावार नोंदीची वही तिच्या हाती द्यावी. खऱ्या नावांची यादी मात्र जिच्याकडे होती तिच्याकडेच राहू द्यावी.